शिलंगणवाडीची सिक परेड

"सावधान!"

आरोळी इतक्या जवळून आली की हातातलं दहा किलोचं लोखंडी वजन माझ्याच पायावर पडता पडता राहिलं. दवाखान्याच्या ओट्यावर बसलेली सगळी मंडळी ताडकन उभी राहिली. एक आजोबा खोकत होते, तेसुद्धा खोकायचे थांबले.

"ह्या बाई कोण? लाईनीत का न्हाईत?" एका धिप्पाड, मिशीवाल्या गृहस्थांनी हातातली काठी माझ्याकडे रोखली.

"मी आजारी नाही हो," मी म्हणाले. "मी वजनकाटा तपासायला आलेय. पुण्याहून."

"काट्याचं मागनं बघू. परेड चालू हाय. लाईनीत!"

त्या आवाजाला नाही म्हणायची सोयच नव्हती. मी वजन पोटाशी धरून रांगेत उभी राहिले. मागे वळून पाहते तो आमचे डॉक्टर सबनीस! आमच्या संशोधन संस्थेचे प्रमुख, दिल्लीच्या आरोग्य सुधारणा समितीचे सभासद, ज्यांच्यासमोर आम्ही खुर्ची ओढतानाही आवाज करत नसू, ते ब्रीफकेस मांडीला लावून, हनुवटी वर करून माझ्या मागे उभे होते.

"सर, तुम्हीसुद्धा?"

"शाळेत एनसीसीत होतो मी, गोगटे," ते ओठ न हलवता पुटपुटले. "सवय जात नाही."

मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. त्या दिवशीचं माझं हसणं तिथून सुरू झालं आणि दिवस मावळेपर्यंत अधूनमधून चालूच राहिलं. बावीस वर्षं झाली, पण आजही शिलंगणवाडी म्हटलं की माझ्या पोटात गुदगुल्या होतात.

आम्ही तिथे का गेलो होतो ते सांगते. देशातल्या सगळ्यांना मोफत उपचार द्यावेत का, यावर दिल्लीत खल चालला होता. दिले तर काय होईल, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर सगळ्यांना कधी दिलेच नव्हते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की फौजेतून निवृत्त झालेल्यांना आणि त्यांच्या बायकापोरांना कार्डावर मोफत उपचार देणारे दवाखाने आहेत, त्यांची माहिती तपासा. लोक कितीदा येतात, कशासाठी येतात, बरे होतात का. हे काम आमच्या संस्थेकडे आलं. जिल्ह्याजिल्ह्यांतले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरता भरता माझी मान मोडली.

सगळीकडचे आकडे साधारण सारखे निघाले. फक्त शिलंगणवाडीत माणशी खेपा जवळजवळ दुप्पट. ते पाहून सबनीस सरांना कोण आनंद झाला! त्यांचं मत आधीपासूनच पक्कं होतं. "फुकट ते पौष्टिक, गोगटे," ते टेबलावर थाप मारून म्हणाले होते. "आपल्या लोकांना काहीही फुकट दिलं की ते गरज नसताना रांगा लावणार. हाच आपला निष्कर्ष. शिलंगणवाडी हाच दाखला." वाक्य लिहून तयार होतं. शुक्रवारी अहवाल दिल्लीला जायचा होता, आणि समितीत सरांच्या शब्दाला असं वजन होतं की ते वाक्य गेलं असतं तर सगळ्यांसाठीच्या मोफत दवाखान्यांचा विषय तिथेच संपला असता.

मी आडवी आले ती एका सुभेदारामुळे. सुभेदार लहू शेलार. हा माणूस दर मंगळवारी दवाखान्यात दोनदा यायचा, ते एक वेळ ठीक. पण पहिल्या खेपेला त्याचं वजन ब्याऐंशी किलो असायचं आणि दुसऱ्या खेपेला बासष्ट. मधे अर्धा तासही नाही.

"काटा बिघडलाय," सर म्हणाले.

"बिघडलेला काटा दर आठवड्याला एकसारखाच कसा बिघडेल, सर?"

"मग जाऊन बघू. काटा बरोबर निघाला तर माझं वाक्य मी खोडतो." आणि म्हणून मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दहा किलोचं वजन मागून आणलं आणि आम्ही मंगळवारी सकाळी शिलंगणवाडीत पोचलो.

तर, रांग. फौजेत आजाऱ्यांना सकाळी एका ओळीत उभं करतात, तिला सिक परेड म्हणतात. शिलंगणवाडीत घरटी एक माणूस फौजेतला. निवृत्त होऊन आले तरी त्यांना परेडीशिवाय औषध घेतल्यासारखं वाटेना, म्हणून दर मंगळवारी ही अशी फॉलिन, म्हणजे शिस्तीत रांग. दवाखान्याच्या डॉक्टर मेजर मुजावर याही फौजेतूनच निवृत्त झालेल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केस पांढरेशुभ्र. त्यांनी आम्हाला रांगेतून सोडवलं, चहा पाजला आणि काट्याजवळ बसवलं. मी दहा किलोचं वजन ठेवलं. काट्याने दहा दाखवलं, तोळाभर इकडे नाही की तिकडे नाही.

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहू लागले.

पहिला नंबर त्या मिशीवाल्यांचाच होता. ते काट्यावर चढले, टाचा जुळवल्या आणि गरजले, "सुभेदार लहू शेलार!"

ब्याऐंशी किलो. मी वहीत टिपलं. म्हणजे माझा सुभेदार हाच तर! मी त्यांच्याकडे अशी टक लावून बघत बसले की ते मिशीला पीळ देऊन लाजले.

पुढे आठ-दहा जण झाले आणि एक काटकुळे आजोबा काट्यावर चढले. धोतर, टोपी, गालफडं बसलेली. त्यांनी सलाम ठोकला, तोही डाव्या हातानं, आणि अगदी निवांत सांगितलं, "सुभेदार लहू शेलार."

बासष्ट किलो.

मला ठसकाच लागला. मी मेजर मुजावरांकडे पाहिलं. त्या रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होत्या. "मॅडम," मी हळूच म्हणाले, "हे सुभेदार मघाचे सुभेदार नव्हेत."

"असं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला अलीकडे फार कमी दिसतं हो."

"अहो, मघाशी तुम्ही त्या आजींच्या पायात घुसलेला बाभळीचा काटा पहिल्या फटक्यात काढलात!"

"काटा दिसतो," त्या म्हणाल्या. "माणसं दिसत नाहीत."

पण सबनीस सरांना माणसं चांगली दिसत होती. ते उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "काय चाललंय इथे? एका कार्डावर दोन माणसं? ही चोरी आहे! सरकारची राजरोस फसवणूक आहे!"

मिशीवाले सुभेदार लोकांना बाजूला सारत आत आले. "चोरी?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "सायेब, हा माझा भाऊ हाय. अंकुश. जुळा."

"जुळे? हे?" सर दोघांकडे आळीपाळीनं पाहू लागले. खरं तर मलाही पटेना. एक वडाचं झाड, दुसरी त्याच्याच फांदीची काडी.

"लहानपणी आये पायाला दोरा बांधून वळखायची," अंकुशभाऊ म्हणाले. "मग ह्यो फौजेत गेला. तिथं खायला लई देत्यात."

"भरतीला दोघं गेल्तो," लहूभाऊ सांगू लागले. "माझी छाती फुगली, ह्येची फुगली न्हाई. मला घेतलं, ह्येला घरी धाडलं. आये म्हणली, एकाला नेला, एकाला ठिवला, पर घरात ईल त्येचं दोन वाटं. पहिल्या सुट्टीला मी कांबळं आणलं, तर म्हातारीनं कात्रीनं मधोमध कापलं! कॅन्टीनचा साबण आला, दोऱ्यानं कापला. रम आली, ती बी निम्मी निम्मी. मग कार्ड आलं. आता ते काय कात्रीनं कापायचं व्हय?"

"घरोघरी असंच हाय," रांगेतून कुणीतरी म्हणालं. कॅन्टीनच्या साबणाला जो न्याय, तोच रक्ताच्या तपासणीला! त्यांच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. लपवायचं असतं तर अंकुशभाऊंनी वीस किलो वजन तरी वाढवून सांगितलं असतं.

"वजन, साखर, प्रेशर, सगळं खरं लिहिलंय," लहूभाऊंनी छाती पुढे काढली. "रिपोर्टात खोटं लिहायचं न्हाई, ही फौजेची शिकवण. नाव तेवढं उसनं."

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी पिशवीतून कॉम्प्युटरचे कागद काढले आणि ओट्यावरच पसरले. ब्याऐंशी किलोचा सुभेदार एकीकडे, बासष्ट किलोचा दुसरीकडे. आजवर मी ज्याला एक वेडावाकडा, वर-खाली उड्या मारणारा माणूस समजत होते, ती दोन शहाणी माणसं होती. बासष्टवाल्याची साखर सुरुवातीच्या वर्षी भयंकर होती आणि मग पायरी पायरीनं उतरत गेली होती.

"आला तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता ह्यांचा," मेजर मुजावर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. कागदावरचे बारीक आकडे त्यांना बिनचष्म्याचे दिसत होते. "आणखी महिनाभर घरी बसले असते तर पाय गेला असता."

"ताई, तुमी ह्ये कशापायी बगताय?" अंकुशभाऊंनी विचारलं.

मी सरांकडे पाहिलं. ते ब्रीफकेसच्या कड्या चाळत बसले होते. मग मीच सांगून टाकलं. "सगळ्या देशातल्या लोकांना असे दवाखाने द्यायचे का, ते दिल्लीत ठरतंय. आमच्या अहवालात लिहिलंय की देऊ नयेत. फुकट मिळालं की लोक उगाच गर्दी करतात. शिलंगणवाडीकडे बघा, असं लिहिलंय."

अंकुशभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "म्हंजी मी हितं आलो, म्हून बाकीच्यास्नी मिळणार न्हाई?"

मला फार वाईट वाटलं, त्या सभ्य, काटकुळ्या माणसाकडे बघवेना.

लहूभाऊ मात्र सटकन वळले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. "परेड! सावधान! जे जे दुसऱ्याच्या नावावर उभे हायत, ते... एक कदम आगे चल!"

मग अंकुशभाऊ टोपी डोक्यावर घालून रांगेत गेले आणि एक पाऊल पुढे आले. त्यांच्यामागून एक मेहुणा आला. एक चुलतभाऊ आला. एक विधवा नणंद पदर सावरत आली. एक गृहस्थ पुढे आले, मागे गेले, शेजाऱ्याला काहीतरी विचारलं आणि पुन्हा पुढे आले. बघता बघता एका रांगेच्या दोन रांगा झाल्या, आणि दोन्ही सारख्याच लांब!

सबनीस सर ओट्यावरून बोट नाचवत मोजू लागले. चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. मग त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"गोगटे! निम्मे आहेत! अगं, बरोब्बर निम्मे!"

"हो, सर."

"म्हणजे दुप्पट कुठे? दुप्पट नाहीच! माणशी खेपा इतरांइतक्याच! उगाच कुणी येतच नाहीये!" त्यांचा चष्मा घसरून ओठावर आला. "आणि त्यातले निम्मे कधी फौजेत गेलेच नाहीत! साधी माणसं! शेतकरी! एकच गाव, एकच पाणी, एकाच आईची मुलं... दिल्ली जो प्रयोग करायचा की नाही म्हणून डोकं फोडतेय, तो इथे वर्षानुवर्षं चाललाय, गोगटे! आणि यशस्वी झालाय!" आणि आमचे डॉक्टर सबनीस, ज्यांना मी कधी जिना दोन पायऱ्यांनी चढतानाही पाहिलं नव्हतं, त्यांनी ओट्यावर चक्क गिरकी घेतली. रांगेतल्या आज्ज्या पदर तोंडाला लावून खिदळायला लागल्या. मी तर भिंतीला टेकून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग सर एकाएकी खाली बसले. "पण हे छापता येणार नाही."

"का?"

"छापलं की कळलंच. कार्डं गोठवतील सगळ्यांची. वर्षभर तरी." ते लहूभाऊंकडे बघत म्हणाले. "तुम्हाला काय चालू आहे?"

"प्रेशरच्या गोळ्या. सकाळ-सांज."

"मग न्हाई छापायचं!" अंकुशभाऊ ओरडले. एवढ्याशा देहातून एवढा आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं. "दादाला वरीसभर गोळ्या न्हाईत? त्याचं प्रेशर बघितलंय का? मी न्हाई ऐकणार!"

"तू गप ऱ्हा," लहूभाऊ म्हणाले. "सायेब, छापा."

"छापू नका!"

"आरं, देशाचा सवाल हाय!"

"देशाचं तू लई बघितलंस, तीस वरसं! आता घरचं बघ!"

"मी थोरला हाय!"

"धा मिंटांनी!"

दोघं म्हातारे अंगणाच्या मधोमध छातीला छाती भिडवून उभे राहिले. म्हणजे एकाची छाती दुसऱ्याच्या पोटाला. अख्खी परेड विश्राममध्ये येऊन मजा बघू लागली. जो तो दुसऱ्याच्या गोळ्यांसाठी भांडत होता. असलं भांडण मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

शेवटी लहूभाऊंनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अंक्या," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझा पाय वाचला. दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ आसंल की तसाच. त्याला कोण फौजेतला भाऊ नसंल."

अंकुशभाऊंनी डोक्यावरची टोपी नीट बसवली. मग माझ्याकडे वळले. "छापा. पर माझी एक अट हाय, ताई."

"बोला ना."

"माझं नाव घाला. इतकी वरसं मी ह्येच्या नावानं आजारी पडतोय. एकदा तरी मला माझ्या नावानं आजारी पडू द्या."

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. सर म्हणाले, "छापील अहवालात आम्ही कुणाचीच नावं देत नाही, अंकुशराव. पण आमच्या माहितीत आजपासून तुमची ओळ वेगळी असेल. तुमच्या नावाची." ते त्यांना अंकुशराव म्हणाले, हे मला फार आवडलं.

मग पुढची रांग एकेक करून ओट्याशी आली आणि मी विचारत गेले, नाव काय? सवयीनं काहींच्या तोंडी आधी भावाचंच नाव यायचं, मग जीभ चावून स्वतःचं सांगायचे. ती विधवा नणंद आपलं नाव सांगून झाल्यावर "पुन्हा वाचून दाखव की," म्हणाली. मी वाचलं. "बेस वाटलं," म्हणाली आणि गेली. सर माझ्या शेजारी बसून कागदांवर रेघा मारत होते. ते वाक्य त्यांनी तिथेच खोडलं, आणि खोडून समाधान झालं नाही म्हणून कागदाचा तो तुकडा फाडून चहात बुडवला.

अहवाल दिल्लीला गेला. त्यावर खूप वादळं झाली, समितीत काहींनी नाकं मुरडली, पण सर हटले नाहीत. सरकारी कारभारात शिक्षेचा कागद घोड्यावरून येतो आणि मंजुरीचा गोगलगाईवरून. त्यामुळे फौजी मंडळींची कार्डं आधी गोठली. मधल्या काळात मेजर मुजावर रविवारी स्वतःच्या ओसरीवर बसायच्या, आणि सबनीस सर दर महिन्याला पुण्याहून त्यांना एक खोकं पाठवायचे. त्यात पुस्तकं आहेत असं ते आम्हाला सांगत. मेजर मुजावरांना इतकी पुस्तकं कशाला लागतात, असं आम्ही कुणी विचारलं नाही.

यथावकाश मंजुरीही आली. एका तालुक्यापुरती चाचणी म्हणून सगळ्यांना मोफत कार्ड द्यायचं ठरलं, आणि तालुका निवडला तो शिलंगणवाडीचाच. अट एकच होती, ज्याचं नाव दुसऱ्या कुठल्या योजनेत आहे त्याला हे कार्ड नाही. गोठलेलं असलं तरी फौजी मंडळींचं नाव दुसऱ्या योजनेत होतंच. म्हणजे शिलंगणवाडीत आता सगळ्यांना कार्ड होतं, फक्त सुभेदार, हवालदार आणि नाईकांना नव्हतं.

पहिल्या मंगळवारी सर आणि मी मुद्दाम गेलो, आणि नावं लिहून घ्यायला मीच बसले. अंकुशभाऊ नवं धोतर नेसून सगळ्यांत पुढे होते. काट्यावर चढले, टाचा जुळवल्या, आणि दवाखान्याच्या भिंती हादरतील असं आपलं नाव सांगितलं. बासष्ट किलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते आपलं कार्ड दोन्ही हातांत धरून बाहेर गेले.

थोड्या वेळानं दार अंधारलं. एक धिप्पाड गृहस्थ आत आले. नेसायला धोतर, अंगात आखूड पैरण, डोक्यावर टोपी, मिशी खाली पाडलेली. काटा करकरला. ब्याऐंशी किलो. त्यांनी धाकट्याचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलायचं असल्यामुळे घाम फुटला होता बिचाऱ्यांना.

"नाव?" मी विचारलं.

"अंकुश शेलार," ते म्हणाले. "शेतकरी."

मी पेन खाली ठेवलं आणि सबनीस सरांकडे पाहिलं. मेजर मुजावरांनीही पाहिलं. सरांनी चष्मा काढला, धोतरवाल्या सुभेदारांकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, आणि चष्मा खिशात ठेवून दिला.

"लिही, गोगटे," ते म्हणाले. "आणि ह्यांचं प्रेशर नीट बघा."